खाज सुटली म्हणजे चिकनच दोषी, असं नाही
‘कुत्रा खाजवतोय? चिकनची अ‍ॅलर्जी आहे, दहीभात सुरू करा’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया लगेच खाणं बदलू नका. खाजेमागे बहुतेकदा पिसवा, धूळ किंवा परागकण असतात. अन्नाची अ‍ॅलर्जी त्यामानाने कमी. आणि दूधदुभत्याचीही अ‍ॅलर्जी असतेच!

शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत? बारीक फणीने विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

अन्नाचाच संशय असेल तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने निदान ८ आठवडे ठरावीक पथ्य पाळायचं, मग जुनं अन्न देऊन खाज परतते का ते पाहायचं. मधल्या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा देऊ नका.