त्या जीपच्या मागच्या बाकावर माझी नात बसणार नाही

आज सकाळी इंदूरच्या अन्नपूर्णेच्या देवळासमोर, आनंदाच्या प्रसंगी, मी चारचौघांत आवाज चढवला. त्याबद्दल घरच्यांची माफी मागितली आहे. जे बोललो ते मात्र मागे घेतलेले नाही, आणि का घेतले नाही हे लिहून काढल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही.

माझ्या चुलत बहिणीच्या मुलाने, म्हणजे माझ्या लाडक्या भाच्याने, १९९० च्या दशकातली एक एमएम ५४० जीप विकत घेतली आणि सहा महिने खपून ती पुन्हा उभी केली. गर्द हिरवा रंग, कॅनव्हासचे नवे हुड, गोल दिवे. गाडी देखणी आहे. मीसुद्धा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाकाखाली लिंबू ठेवून झाले, बॉनेटवर स्वस्तिक काढून झाले, पेढे वाटून झाले, आणि मग त्याने मागच्या दोन आडव्या बाकांवर, म्हणजे एकमेकांकडे तोंड करून बसायच्या बाकांवर, घरातली पाच मुले बसवली. त्यांत माझी सहा वर्षांची नात होती. "मामा, चोरलपर्यंत एक चक्कर मारून येतो, जेवायच्या आत परत," असे म्हणून तो स्टिअरिंगवर बसलासुद्धा. (चोरल म्हणजे घाटाखालचे आमचे सहलीचे ठिकाण.) मी नातीला उचलून खाली घेतले. ती रडू लागली. बाकीच्या मुलांनाही उतरवा असे मी म्हणालो, आणि तिथून पुढे सगळेच बिघडले.

माझे डोके फिरवणारे वाक्य भाच्याचे नव्हते, त्याच्या आईचे होते. "अरे दादा, आपण सात जण अण्णांच्या जीपमधून असेच फिरलो की! काय झाले आपल्याला?"

काय झाले आपल्याला, हे तू विचारावेस?

आमच्या नात्यात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, इतरांसाठी सांगतो. १९७९ चा डिसेंबर. अण्णांनी महूच्या लिलावातून लष्कराची एक मोडीत काढलेली जीप घेतली होती. चोरलची सहल आटोपून परतताना, सिमरोलकडे चढणाऱ्या घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला. अण्णांनी पहिला गिअर टाकला, क्लच सुटताना जीपने हिसका दिला, आणि बाकांवरची आम्ही मुले ओळीने मागे घसरलो. फाळक्याची (आमच्याकडे त्याला डाला म्हणतात) साखळी हुकातून निसटली आणि टोकाला बसलेली ही सहा वर्षांची पोर बाहेर गेली. मी तिच्या फ्रॉकचा मागचा बंद धरला. तो फाटला, पण तेवढ्यात थोरल्या भावाने तिचा दंड पकडून तिला आत ओढले. मी बारा वर्षांचा होतो. तेव्हापासून लग्न असो की मुंज, पंगतीत ही गोष्ट निघते, माझ्या प्रसंगावधानाचे कौतुक होते, आणि सगळे पोट धरून हसतात, कारण शेवटी अण्णांनी विचारले होते, "शिऱ्याचा डबा आहे ना जागेवर?"

हसा. पण त्या बाकाकडे एकदा नीट पाहा.

गाडीच्या लांबीच्या दिशेने लावलेली ती एक फळी आहे, बसणाऱ्याचे तोंड बाजूला. ब्रेक लागला की माणूस चालकाच्या पाठीकडे घसरतो, चढावर हिसका बसला की फाळक्याकडे घसरतो, आणि धरायला असते काय, तर हुडची लोखंडी कमान, जिच्यापर्यंत मोठ्या माणसाचा हात पोहोचतो, मुलाचा पोहोचत नाही. भाचा म्हणतो की तो पट्टे लावून घेईल. पट्टा समोर तोंड करून बसलेल्या माणसाला खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांवर तोलून धरतो. बाजूला तोंड करून बसलेल्या मुलाची कमर पट्ट्याने जागेवर राहिली तरी वरचे धड बाजूला फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान कोवळी, हे ज्याने तान्हे मूल हातात घेतले आहे त्याला शिकवावे लागत नाही. मुलांसाठी मिळणारी वेगळी आसने त्या बाकावर बसवताच येत नाहीत, कारण ती समोर तोंड असलेल्या सीटसाठीच बनवलेली असतात.

"मामा, पत्रा बघा किती जाड आहे, आजकालच्या गाड्या म्हणजे डबे आहेत," हे त्याचे दुसरे म्हणणे. हे मी इंदूरमध्ये इतक्या शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकले आहे की आता ऐकवत नाही. आजकालच्या गाडीचे नाक चेपते ते चेपण्यासाठीच केलेले असते, म्हणजे धक्का पत्र्यात मुरतो आणि माणसापर्यंत कमी पोहोचतो. जुन्या जीपची चौकट चेपत नाही, तेव्हा तो धक्का आत बसलेल्यांनीच घ्यायचा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर बसणारा फटका सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. शिवाय उंच बांधणी, दोन चाकांमधले कमी अंतर आणि कडक पाटे यांमुळे ही गाडी वळणावर चटकन कलंडते. आणि कलंडली तर वर काय, कॅनव्हास!

भाच्याने आत पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला आहे आणि तो चांगला केला आहे, हे मान्य करतो. पण पट्ट्याविना बसलेल्या मुलाचे डोके त्याच पाइपावर आपटेल, हेही त्याने मान्य करावे.

मी काही जीपचा वैरी नाही. ज्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून या देशात जीपची जुळणी केली, तिच्याच नव्या थारला २०२० मध्ये गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले, आणि ती चाचणी समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवर झाली. आडव्या बाकांचा पर्याय सुरुवातीला त्या गाडीतही होता, तो नंतर काढून टाकला गेला. गाडी बनवणाऱ्यांनी जो बाक टाकून दिला, तो आपण शिवणकाम करून, त्यावर मऊ फोम घालून मुलांसाठी सजवतो आहोत! १९८५ पासून बनत आलेली मारुतीची जिप्सीसुद्धा २०१९ च्या नव्या सुरक्षा नियमांपाशी थांबली. गाडी जुनी झाली की तिला म्हातारपणाचा मान द्यावा, कष्टाचे काम देऊ नये. मुलांना नेणे हे सर्वांत कष्टाचे काम आहे.

कायद्याचेही भाच्याने ऐकवले, की मागच्या बाकावर पट्टा लागतच नाही. अर्धे खरे आहे. पट्ट्याचा केंद्रीय नियम चालकाबद्दल, पुढच्या सीटबद्दल आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटबद्दल बोलतो, आडव्या बाकाचे नावही घेत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा मुलांच्या आसनाविना नेणाऱ्याला हजार रुपये दंड सांगितला आहे, तो त्याने वाचलेला नाही. आणि खरे सांगू का, दंडाची भाषा मला करायचीच नाही. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करताना एक साल इकडची तिकडे होऊ न देणारे आपण इंदूरचे लोक. आपल्याला मुलांच्या बाबतीत पोलिसाने का सांगावे?

हो, आपणच मुलांना स्कूटरवर पुढे उभे करून शाळेत सोडत आलो; तेही चूकच होते, आणि त्याने हे बरोबर ठरत नाही.

आता ते लिहितो, जे सकाळी देवळासमोर माझ्या तोंडून निघाले नाही.

ताई, मी तुला पकडले नव्हते. चोरलहून निघाल्यापासून तू मला चिमटे काढत होतीस, म्हणून तुझ्या नकळत मी तुझ्या फ्रॉकचा एक बंद हुडच्या कमानीला बांधून ठेवला होता. घरी पोहोचल्यावर तू उडी मारायला जाशील आणि फजिती होईल, एवढाच माझा बेत होता. त्या हिसक्याच्या वेळी मी स्वतःच बाकाखाली पडलो होतो. तू बाहेर गेलीस तेव्हा तुला धरून ठेवले ते त्या गाठीने, दोन-तीन क्षण, मग बंद फाटला, पण तोवर थोरल्याचा हात पोहोचला होता. अण्णा गाडी थांबवून मागे आले तेव्हा मी कमानीवरचा तुकडा घाईने सोडवत होतो, मार बसेल या भीतीने. त्यांनी माझ्या हातात तो फाटका बंद पाहिला आणि मला जवळ घेतले. त्यानंतर खरे सांगण्याची सोयच उरली नाही. पंचेचाळीसहून जास्त भाऊबीजांना तू "माझा जीव वाचवणारा दादा" म्हणून ओवाळलेस आणि मी ताटात नोटा टाकत राहिलो.

एका वात्रट मुलाने त्या दिवशी खोडी काढली नसती, तर आज ती जीप विकत घ्यायला तुझा मुलगा नसता. "काय झाले आपल्याला" या प्रश्नाचे माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

सगळे पांगल्यावर मी त्या नव्या जीपच्या मागे जाऊन फाळक्याची साखळी पाहिली. साखळी नवी आहे, निकेल चढवलेली. हुक तसाच आहे. मी एका बोटाने वर उचलला, तो निघाला.

भाच्या, तू हे रात्री वाचशील आणि रागावलेला असशील. मी तुझ्या हौसेचा अपमान केला असे तुला वाटले असेल, तर तो माझ्या बोलण्याचा दोष समज. येत्या रविवारी चोरलला सगळे जाऊ. मुले माझ्या आणि तुझ्या बाबांच्या गाडीत पट्टे लावून बसतील. तू जीप घेऊन मागून ये. तुझ्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून मी बसेन, वाटेत तू म्हणशील तेवढे गाडीचे कौतुक करेन. मागच्या बाकांवर सतरंजी, पाण्याचे कॅन आणि शिऱ्याचा डबा ठेव. घाटात डबा पडला तर पडू दे, थांबायचे नाही.