खोक्यावर १२० वॉट, फोनमध्ये किती?

नवा फोन घ्यायचा म्हटलं की हल्ली कॅमेऱ्याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'चार्जिंग किती वॉटचं?' ६७, ८०, १२० असे आकडे समोर येतात आणि मोठा आकडा बाजी मारतो. माझं मत सरळ आहे: या आकड्यावरून फोन निवडू नका, आणि चार्जर तर मुळीच निवडू नका. आकडा खोटा नसतो. पण तो प्रत्यक्षात दिसायला फोनसाठीचा खास चार्जर, त्याचीच केबल, जवळजवळ रिकामी बॅटरी आणि न तापलेला फोन असं सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं. जुळलं तरी तो काही मिनिटंच टिकतो. एरवी चार्जर, केबल, फोन आणि बॅटरीची त्या क्षणाची अवस्था या चौघांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, त्याच्याच चालीने चार्जिंग होतं.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण हुकूम तिचाच चालतो. फोनच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत चार्ज होतो. पहिल्या टप्प्यात सर्किट भरपूर करंट सोडतं आणि सेलचं व्होल्टेज हळूहळू चढत जातं. ते ठरलेल्या कमाल मर्यादेला पोचलं की दुसरा टप्पा सुरू होतो. ही मर्यादा जुन्या धाटणीच्या सेलमध्ये ४.२ व्होल्ट असते, आजच्या बऱ्याच फोनमध्ये ४.४ ते ४.५ च्या दरम्यान. दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट कमी कमी करत न्यायचा. म्हणून अर्धी बॅटरी झपाट्याने भरते आणि शेवटचे पंधरा-वीस टक्के रेंगाळतात. 'नव्वदनंतर अडकून बसतो' या तक्रारीत बिघाड काहीच नसतो. तिथे जबरदस्तीने जास्त करंट ढकलला तर लिथियमचे आयन सेलमधल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायच्या ऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, आणि थर वाढत गेला तर सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका असतो. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केल्यावरही नेमकं हेच होतं. कडाक्याच्या थंडीत फोन चार्जिंग घ्यायला नकार देतो तो यासाठी.

उष्णतेचा हिशेब वेगळा. फोन तापला की तो स्वतःहून करंट कमी करतो. जाड कव्हर, व्हिडिओ कॉल चालू, खिडकीतलं ऊन आणि वर चार्जिंग, अशा अवस्थेत १२० वॉटचा फोनही साध्या फोनच्या वेगावर येतो. ज्यांना खरोखर घाई असते त्यांनी कव्हर काढावं, स्क्रीन बंद करावी आणि फोन उशीवर न ठेवता कडक, गार पृष्ठभागावर ठेवावा. मोठा चार्जर आणण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

मग १०० वॉटच्या वर जाणारे फोन ते कसं जमवतात? त्यांच्यात बहुतेक वेळा एका मोठ्या सेलऐवजी दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी वीज येते. शिवाय आत चार्ज पंप नावाचं सर्किट असतं. ते येणारं व्होल्टेज निम्मं करून करंट दुप्पट करतं, आणि ते करताना फारच थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. अभियांत्रिकी म्हणून हे काम खरंच कौतुकाचं आहे. अडचण एवढीच की यातल्या अनेक पद्धती त्या त्या कंपनीच्या खासगी आहेत. तोच फोन दुसऱ्या चांगल्या चार्जरला लावला की अनेकदा १५ ते ३० वॉटवर उतरतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं झालं, आणि १५ वॉटच्या वर चार्ज होणाऱ्यांना यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही चार्जिंगची सामायिक भाषा समजणंही बंधनकारक झालं. पाऊल चांगलं आहे. पण त्यातून मिळते ती कोणत्याही पीडी चार्जरवर फोन बऱ्यापैकी वेगाने चार्ज होण्याची हमी. खोक्यावरच्या वेगाची हमी त्यात नाही.

चार्जर घेताना म्हणूनच पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा आणि उलटा करून बारीक अक्षरं वाचा. 'आउटपुट' या शब्दापुढे जोड्या छापलेल्या असतात: ५ व्होल्ट ३ अँपियर, ९ व्होल्ट ३ अँपियर, १५ व्होल्ट ३ अँपियर, २० व्होल्ट ३.२५ अँपियर. शेवटच्या जोडीचा गुणाकार ६५ वॉट, तोच पुढे झळकतो. पण ९ व्होल्ट मागणाऱ्या फोनला यातून जास्तीत जास्त २७ वॉट मिळतात, कारण वीस व्होल्टची जोडी लॅपटॉपसाठी आहे. त्याच्या खाली 'पीपीएस' अशी ओळ आहे का ते बघा. पीपीएसमध्ये फोन चार्जरला सतत सांगत राहतो की व्होल्टेज थोडं वाढव, थोडं कमी कर, आणि तेही २० मिलिव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी. व्होल्टेज जुळवायचं काम चार्जरमध्ये झालं की फोनच्या पोटात उष्णता कमी होते. ज्या फोनना पीपीएस लागतं, ते पीपीएस नसलेल्या ६५ वॉटच्या चार्जरवरही सावकाश चालतात, आणि पीपीएस असलेल्या ३० वॉटच्या चार्जरवर त्याच्यापेक्षा चांगले.

दोन-तीन पोर्टच्या चार्जरवर आणखी एक तक्ता असतो, तो कुणीच वाचत नाही. ६५ वॉट एकाच पोर्टला मिळतात. दुसऱ्या पोर्टला नुसते इअरबड लावले तरी वाटणी ४५ आणि २० अशी होऊ शकते. बऱ्याच चार्जरवर दुसरं उपकरण लावल्या क्षणी पहिल्याचं चार्जिंग सेकंदभर तुटून पुन्हा सुरू होतं, कारण सगळी बोलणी नव्याने होतात. बॅटरी नसलेलं एखादं उपकरण त्या चार्जरवर चालत असेल तर ते तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतं. अशा उपकरणाला वेगळा चार्जरच द्या.

आता केबल, जिच्यावर माझा खरा राग आहे. यूएसबी-सी २०१४ साली आलं ते 'एकच पिन सगळ्यांना' हे आश्वासन घेऊन. पिन एकच झाली हे खरं, पण केबलच्या आत काय आहे ते बाहेरून कळायची सोय राहिली नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन केबल घ्या. एक ३ अँपियरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत. दुसरीच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप, जी चार्जरला सांगते की मला ५ अँपियर झेपतात. चिपकडून उत्तर आलं नाही तर नियमाने चालणारा चार्जर ३ अँपियरच्या पुढे जात नाही. समजा फोनला ४५ वॉट हवे आहेत ते १० व्होल्ट आणि ४.५ अँपियरने. साधी केबल लावली की त्याच दहा व्होल्टला ३० वॉटवर गाडी थांबते, आणि दोष चार्जरला दिला जातो. २०२१ मध्ये पीडीची मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली, तेव्हा प्रमाणित केबलवर '६० वॉट' किंवा '२४० वॉट' असं चिन्ह छापायचं ठरलं. केबल घेताना ते चिन्ह शोधा. नसेल तर ती ६० वॉटची समजा.

डेटाची गोष्ट तर आणखी फसवी. फोनबरोबर येणारी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात हाती येतात सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे १०० जीबी व्हिडिओ उतरवायला चाळीस मिनिटांच्या वर. १० गिगाबिटच्या केबलने, फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही त्या वेगाचे असतील तर, हेच काम काही मिनिटांचं आहे. आणि '२४० वॉट' छापलेली केबलही डेटासाठी ४८० मेगाबिटचीच असू शकते. वॉट आणि डेटा या दोन वेगळ्या क्षमता आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

छोट्या उपकरणांतली एक खोड मात्र अक्षम्य आहे. ट्रिमर, टॉर्च, खेळणी अशा बऱ्याच वस्तूंना यूएसबी-सीचं तोंड असतं, पण दोन्हीकडे सी असलेल्या केबलने त्या चार्जच होत नाहीत. जुन्या चौकोनी यूएसबी-एची केबल लावली की लगेच दिवा लागतो. याचं कारण असं: यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम हजर असतात, पण सी पोर्ट समोर उपकरण आहे याची खात्री पटेपर्यंत वीज सोडत नाही. ती खूण म्हणजे उपकरणाच्या पोर्टमधल्या सीसी १ आणि सीसी २ या दोन बारीक पिनांवरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. बनवणाऱ्याने ते गाळले, की चार्जरच्या लेखी समोर कोणीच नाही. मोठी नावंही यात चुकली आहेत. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता, त्यामुळे ई-मार्कर असलेल्या केबलवर तो बोर्ड चालत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. दोन चिमुकले रेझिस्टर वाचवणारी वस्तू परत करावी, असं माझं ठाम मत आहे. परत करता येत नसेल तर एक ए-टू-सी केबल तिच्यासाठीच बाजूला ठेवा.

पॉवर बँकेवरचा एमएएचचा, म्हणजे मिलिअँपियर-तासांचा, आकडा सगळ्यांत जास्त दिशाभूल करतो. १०,००० एमएएच ही आतल्या सेलची क्षमता असते, ३.७ व्होल्टला. म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ किंवा ९ व्होल्ट द्यायचे तर व्होल्टेज चढवावं लागतं, त्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास जातात, उरतात एकतीस-बत्तीस. फोन ती ऊर्जा घेताना आणखी थोडी उष्णतेत घालवतो. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टच्या हिशेबाने १९ वॉट-तासांची. म्हणजे फोन 'दोनदा' नाही, दीड वेळेच्या थोडा आत भरतो. वॉट-तास हा आकडा पॉवर बँकेवर बारीक अक्षरात छापलेला असतो, तुलना त्यानेच करा. विमानातली १०० वॉट-तासांची मर्यादाही त्याच एककात आहे, ३.७ व्होल्टला ती सुमारे २७,००० एमएएच येते.

पॉवर बँकेवर इअरबड किंवा घड्याळ लावलं आणि काही वेळाने चार्जिंग आपोआप बंद झालं तर पॉवर बँक बिघडलेली नसते. इतका कमी करंट जाताना पाहून ती 'काही जोडलेलं नाही' असं समजते आणि झोपी जाते. अनेक मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो. ही सोय आहे का, ते घेण्याआधी माहितीपत्रकात बघून ठेवा. आणि पॉवर बँक फुगली असेल, तिची शिवण उकललेली दिसत असेल, तर ती दाबून बंद करायचा प्रयत्न नको आणि 'अजून चालते' म्हणून वापरणंही नको. आत वायू साठलेला असतो. ती चार्ज न करता जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

वायरलेस चार्जिंगबद्दल थोडक्यात: सोय म्हणून छान, वेग म्हणून नाही. चार्जरमधली आणि फोनमधली अशा दोन कॉइल काही मिलिमीटर जरी सरकल्या तरी ऊर्जा उष्णतेत जाते, आणि ती उष्णता थेट बॅटरीच्या पाठीवर. २०२३ मध्ये आलेल्या क्यूआय-२ या वायरलेस चार्जिंगच्या मानकातले चुंबक फोन बरोबर जागेवर बसवतात, तो बदल खरोखर उपयोगाचा आहे.

बॅटरीला त्रास दोन गोष्टींचा होतो, उष्णता आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणं. म्हणून दिवसभर चार्जरच्या जवळ असणाऱ्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावावी. पण ज्यांना संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरत नाही त्यांनी ती लावून रोज जीव टांगणीला ठेवू नये. बॅटरी आपल्यासाठी आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीने ८०० सायकलनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियम आहे, आणि सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. दोन दिवस पन्नास-पन्नास टक्के वापरली तर एक सायकल. फोनची माहिती वाचताना वॉटच्या आधी हा सायकलचा आकडा शोधायची सवय लावावी, असं मला मनापासून वाटतं.

'फोन हळू चार्ज होतो' म्हणून नवा चार्जर मागवायच्या आधी यूएसबी-सीचा छोटा मीटर आणा, जो केबल आणि फोनच्या मध्ये लागतो आणि व्होल्ट-अँपियर दाखवतो. फोन २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असताना स्क्रीन बंद करून लावा आणि दोन मिनिटं थांबा. ९ व्होल्टच्या आसपास आणि दीड-दोन अँपियर दिसले तर सगळं ठीक आहे. ५ व्होल्टवरच काटा अडकला असेल तर फोन आणि चार्जरचं बोलणं जुळलेलं नाही. आधी केबल बदला, मग चार्जर. दोन्ही बदलूनही तेच दिसलं तर फोनच्या पोर्टमध्ये बघा. केबल आत जाताना 'टक्' असं बसत नसेल, किंचित बाहेर राहत असेल, तर खिशातल्या कापसाचा घट्ट थर तळाशी दाबून बसलेला असतो. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करा, आणि मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता कडेकडेने हळूच उकरा. सुई किंवा पिन वापरू नका, धातूने पिनांचा शॉर्ट होतो. फुंकरही नको, ओलावा आत जातो. बरेचसे 'खराब झालेले' पोर्ट यानेच पुन्हा नीट चालू लागतात.