चिठ्ठीने निवडलेले सभासद आणि संसदेचा मान : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या नागरिक सभेवरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. चिठ्ठ्या टाकून गोळा केलेल्या ९९ माणसांनी राज्यघटनेविषयी मत द्यावे हा लोकप्रतिनिधींचा अधिक्षेप आहे, हा एक. आणि अशा नवख्या मंडळींकडून तज्ज्ञ आपल्याला हवे तेच वदवून घेतात, हा दुसरा.

पहिला मला मान्य नाही. ही सभा नेमण्याचा ठराव संसदेनेच केला होता, कारण गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीला आणणारी आणि त्यामुळे गर्भपाताची वाट जवळजवळ बंद करणारी १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती हा विषय अंगावर घ्यायला मोठे पक्ष तयार नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये सभेने मतदान करून शिफारशी ठरवल्या, त्यांची छाननी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने केली आणि निर्णय २५ मे २०१८ च्या सार्वमताने झाला. त्यात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. यात संसदेचा कोणता अधिकार हिरावला गेला, हे आपण सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप मात्र सहज झटकून टाकता येणार नाही. डब्लिनजवळ मालाहाइड येथील एका हॉटेलात शनिवार-रविवारी ही सभा भरत असे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लाफॉय तिच्या अध्यक्षा होत्या. तज्ज्ञाचे निवेदन संपले की गोल टेबलांभोवती बसलेले सभासद आधी आपसांत चर्चा करीत, मग प्रश्न विचारीत. गर्भपाताच्या बाजूच्या आणि विरोधातल्या संघटनांनाही तेथे बोलावले होते आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण होत होते. तरीही तज्ज्ञांच्या निवडीत पक्षपात झाल्याचा आरोप विरोधकांनी तेव्हाच केला होता. बोलावणी कोण करतो यावर बरेच अवलंबून असते, हे मी नाकारत नाही. शिवाय जानेवारी २०१८ च्या बैठकीतले सात बदली सभासद ओळखीपाळखीतून भरल्याचे नंतर उघडकीस आले. (गर्भपातावरील मतदान त्याआधीच उरकले होते, पण हा मुद्दा आपल्या हातून कसा सुटला याचे मला नवल वाटते.)

असे असूनही मी या पद्धतीची बाजू घेतो, ती एका कारणासाठी. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या माणसाला समोरच्याचे म्हणणे पटले तरी तसे उघडपणे कबूल करणे महागात पडते. चिठ्ठीने आलेल्याला ना पुढची निवडणूक असते ना मतदारसंघ, त्यामुळे मत बदलण्याची मोकळीक त्याला खरोखर असते. मात्र तेथे घासूनपुसून तयार झालेला मजकूर सरकारने पुढे जसाच्या तसा न्यायला हवा. घरातल्या आणि समाजातल्या शुश्रूषेला पाठबळ देण्याचे बंधन राज्यसंस्थेवर घालावे, असे नंतरच्या एका नागरिक सभेने सुचवले होते. सरकारने ते केवळ कुटुंबापुरते ठेवून ‘प्रयत्न करील’ एवढ्यावर आणले आणि मार्च २०२४ च्या सार्वमतात ७३.९ टक्के मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. आपला रोख सरकारच्या या हातचलाखीवर असता, तर मी आपल्याशी वाद घातला नसता.