इंजिनाची चौकशी करणाऱ्यांनी स्पोर्ट्स कार घेऊ नये

जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नाही, असं विचारायला येणाऱ्या माणसाने ती मनातल्या मनात कधीच घेतलेली असते. फक्त पैसे द्यायचे राहिलेले असतात. मोबाइलमध्ये त्या गाडीचे चाळीस फोटो असतात, त्यातले निम्मे मागच्या दिव्यांचे, आणि चेहऱ्यावर ‘आता इंजिनाचं तेवढं बघायचंय’ असा जबाबदार गृहस्थाचा भाव असतो. अशा माणसाला सल्ला नको असतो, परवानगी हवी असते. ती मी इथे देऊन टाकतो. घ्या. आता राहिला प्रश्न इंजिनाची शंका मनातून काढून कशी टाकायची याचा, आणि तो तितकासा अवघड नाही.

सुरुवात किमतीपासून करा, आणि शक्यतो तिथेच थांबा. नवी असताना जी गाडी तुम्ही शोरूमच्या काचेबाहेरून पाहिली होती, ती आज एका साध्या कौटुंबिक गाडीच्या भावात मिळते आहे. याचा अर्थ उघड आहे : सगळं जग मूर्ख आहे आणि संधी फक्त तुम्हाला दिसली आहे. गाडीची किंमत उतरली म्हणजे तिच्या पार्ट्सचीही उतरली असणार, असं बिनधास्त धरून चाला. पार्ट्स विकणाऱ्याला मात्र हे कुणी कळवलेलं नसतं. त्याच्या लेखी ती गाडी अजून तितकीच महाग असते, तुम्ही तिचे पहिले मालक असा की सहावे. दहा सिलिंडरच्या इंजिनाला दहा सिलिंडरचं सामान लागतं आणि त्यात वयाची सवलत नसते. पण हा किरकोळ तपशील झाला.

दहा सिलिंडरवरून आठवलं. बीएमडब्ल्यूची २००५ साली आलेली एम५. पाच लिटरचं व्ही१० इंजिन, ५०७ अश्वशक्ती, आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा सव्वाआठ हजारांपर्यंत. या इंजिनात पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं वेळेआधी झिजतात हे जगजाहीर आहे. याच घराण्यातलं एम३चं व्ही८ इंजिनही त्याच दुखण्याचं. त्याच्या आधीच्या एम३मधल्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी तर कंपनीने स्वतःच सुरुवातीच्या गाड्या बोलावून बेअरिंगं बदलून दिली होती. या गाड्यांचे जुने जाणते मालक काय करतात, तर काही बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक किलोमीटरनंतर खालचा ऑइल पॅन उतरवून बेअरिंगं बदलून टाकतात. ब्रेक पॅड बदलावेत तशी! याला हौस म्हणत नाहीत, हिशेबीपणा म्हणतात. तुम्ही असलं काही करू नका. बेअरिंग दिसतं का कुणाला? पाहुणे घरी आल्यावर ‘ही बघा आमची नवी बेअरिंगं’ असं दाखवता येतं का? त्याच पैशांत मोठी अलॉय व्हील्स येतात. शिवाय बेअरिंग खरोखरच संपत आलं की इंजिनातून ठकठक ऐकू येतेच. ती ऐकू येईपर्यंत क्रँकशाफ्टवर ओरखडे पडलेले असतात आणि प्रश्न बेअरिंगच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणजे निर्णय घेण्याचा त्रासही वाचला.

किलोमीटर कमी असलेलीच गाडी घ्या. हा सल्ला सगळेच देतात, त्यामुळे तो बरोबर असणार. ‘फक्त रविवारी काढली’, ‘पावसात कधीच नेली नाही’, ‘वर्षातून दोनदा फेरी’ अशी वाक्यं ऐकली की विरघळून जा. उभ्या गाडीच्या तेलात ओलावा आणि आम्लं साठत राहतात, रबरी सील कोरडे पडतात, व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारा टायमिंग बेल्ट न धावताही म्हातारा होतो, वगैरे गोष्टी मेकॅनिक लोक सांगतात, पण त्यांचा धंदाच तो. ‘किलोमीटर कमी म्हणून तेल बदललं नाही’ हे वाक्य विक्रेता काटकसरीचा पुरावा म्हणून सांगतो. तुम्हीही ते तसंच ऐका.

पोर्शेच्या बाबतीत तर या कमी किलोमीटरच्या श्रद्धेची खरी परीक्षा होते. १९९६ची बॉक्स्टर आणि तिच्या मागोमाग आलेली पाण्याने थंड होणारी ९११, या दोघींच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो. क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे गती नेणं हे त्याचं काम. त्याच्या एका टोकाला एक छोटंसं बंदिस्त बेअरिंग असतं. ते गेलं की शाफ्ट डुगडुगतो, टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, आणि तळहातावर मावेल एवढ्या वस्तूसाठी सगळं इंजिन जातं. अमेरिकेत या प्रकरणी २००१ ते २००५ मॉडेलच्या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. २००९च्या मॉडेलपासून पोर्शेने नवं इंजिन आणलं आणि हा शाफ्टच काढून टाकला. त्या काळातल्या ९११च्याच टर्बो आणि जीटी३ या प्रकारांचं इंजिन मुळातच वेगळं होतं, त्यांना ही बाधा नव्हती. म्हणजे कोणत्या वर्षाची, कोणत्या इंजिनाची गाडी घ्यावी आणि कोणत्या गाडीत बेअरिंग बदलल्याची पावती मागावी, हे सगळं आधीच माहीत होण्यासारखं आहे. बऱ्याच गाड्यांत क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर त्याच वेळी हे बेअरिंगही बदलून घ्यावं, इतका साधा उपायही आहे. इतकं सगळं माहीत करून घेतल्यावर नशिबाला वाव तो काय राहिला? तेव्हा विक्रेत्याला फक्त रंगाविषयी विचारा. तो मूळचा आहे का, हे विचारलं तरी पुरे.

ज्यांना पिस्टनची एवढी भीती वाटते त्यांच्यासाठी माझदाची आरएक्स-८ आहे. तिच्यात पिस्टनच नाहीत! दोन त्रिकोणी रोटर, मिळून १.३ लिटर, आणि आवाज असा की शहाणा माणूसही पाघळावा. रोटरच्या तिन्ही टोकांवर एकेक बारीक सील असतो आणि इंजिनाचा सगळा दम त्या सीलांवर अवलंबून असतो. त्यांना वंगण मिळावं म्हणून इंजिन मुद्दामच थोडं थोडं तेल जाळतं. तेव्हा तेलाची पातळी वारंवार बघणं हे काळजीवाहू मालकाचं काम झालं, रसिकाचं नव्हे. थंड गाडी सुरू करून दोन हात पुढे सरकवली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू व्हायला नाही म्हणते. कंपनीने अमेरिकेत २००४ ते २००८ मॉडेलच्या इंजिनांची वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती. कंपन्या अशा उदार केव्हा होतात, याचा विचार करत बसू नका.

या गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिन आतली हवा किती जोरात दाबतं त्याची मोजणी, करायचा हट्ट धरलाच, तर ती साध्या गेजने करा. एका रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचं कॉम्प्रेशन वेगळं मोजायला खास उपकरण लागतं. साधा गेज मात्र तिघींपैकी जी सर्वांत तगडी तिचाच आकडा धरून ठेवतो. दोन बाजू मेल्या तरी आकडा झकास. इतकं दिलासा देणारं यंत्र हाताशी असताना खास उपकरण शोधत कोण फिरेल?

एकूणच या टेस्ट प्रकारापासून लांब राहा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादा खाली आला की मन खट्टू होतं. सिलिंडरमध्ये हवा भरून बघणारी लीक-डाउन टेस्ट तर त्याहून आगाऊ. ती हवा नुसती गळते म्हणून थांबत नाही, कुठून गळते हेही सांगते : सायलेन्सरमधून हिस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर सिलिंडरांवरचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, तेलाच्या झाकणातून आलं तर पिस्टन रिंग. वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर त्यात तांबं, शिसं, लोखंड किती हेही कळतं, म्हणजे आतलं कोण झिजतंय ते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. आणि इथे तर ती त्याहून बरीच जास्त किमतीची आहे.

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याला आठवणीने फोन करा. ‘अर्ध्या तासात पोचतो, गाडी जरा गरम करून ठेवा.’ थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते कुणाच्याच फायद्याचं नसतं. टायमिंग चेनची खडखड, लिफ्टरची टिकटिक, एक्झॉस्टमधून निळसर धुराची एक झुळूक, हे सगळं पहिल्या मिनिटभरात घडून जातं. उगाच लवकर पोचून बॉनेटवर हात ठेवून बघणारे लोक मला असंस्कृत वाटतात. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, थांबायचं नाव न घेणारा पांढरा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तुम्ही म्हणा, ‘वा, काय आवाज आहे!’ आणि मागे न बघता पुढच्या सीटवर बसा.

इंजिनाचा कॉम्प्युटर हा एक चहाडखोर प्राणी आहे, त्याच्याशी बोलू नका. डॅशबोर्डवर दिवा पेटत नसेल तर तेवढ्यावर समाधान माना. खरं तर चावी फिरवल्यावर तो दिवा क्षणभर पेटलाच पाहिजे. मुळीच पेटला नाही तर कुणीतरी त्याची सोय लावलेली असते. स्कॅनर जोडला तर तो एरर कोड नाहीत असं सांगेल, पण सोबत काही तपासण्या ‘अपूर्ण’ आहेत असंही सांगेल. म्हणजे बहुधा कोड नुकतेच पुसलेत. अनेक पोर्शे गाड्यांचा कॉम्प्युटर तर त्याहून पुढचा. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा आणि कितपत फिरलं, त्याची तो टप्प्याटप्प्याने नोंद ठेवतो. घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडू शकतो, चाकं थांबवू शकत नाही. त्या एका सेकंदाची नोंद कायमची राहते. पण आधीच्या मालकाच्या खासगी आयुष्यात डोकावणं आपल्याला शोभतं का?

सर्व्हिसच्या पावत्या मागू नका, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा. फेरारी एफ३५५ घेताय आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारलं नाही, तर उत्तम केलंत. त्या गाडीत बेल्ट बदलायला पूर्ण इंजिनच बाहेर काढावं लागतं. नंतरच्या ३६० मॉडेनात कंपनीलाच दया आली आणि तो इंजिन जागेवर ठेवून बदलता येऊ लागला. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच असेल, असं समजायला काय हरकत आहे?

आधीच्या मालकाने इंजिनाचा ‘मॅप’, म्हणजे कॉम्प्युटरमधली सेटिंग, बदलून ताकद वाढवली असेल तर थोडे जास्त पैसे आनंदाने द्या. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवायला लॅपटॉप पुरतो, पिस्टन मात्र कारखान्यातलेच राहतात. सुबारूच्या अडीच लिटर टर्बो इंजिनात दोन रिंगांच्या मधली पिस्टनची पट्टी तडकण्याची तक्रार याच हौशीने आणखी वाढते. बाकी तो दाब दाखवणारा बूस्ट गेज सुंदर दिसतो, यात शंका नाही.

काही गाड्यांपासून मात्र मी तुम्हाला मनापासून सावध करतो. माझदाची एमएक्स-५. हलकी, साधी, आणि देखभाल केली तर वर्षानुवर्षं मुकाट चालते. होंडाची एस२०००. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन, ९००० आरपीएम, आणि एवढं करूनही वेळेवर तेल दिलं की तक्रार नाही. लोटस एलिसचं तर बघायलाच नको. सुरुवातीच्या एलिसमध्ये रोव्हरचं इंजिन होतं, त्याचं हेड गॅस्केट उडायचं, मालकांना एकमेकांशी बोलायला विषय असायचा. मग २००४च्या सुमारास तिच्यात टोयोटाचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि सगळी मजा गेली. असल्या गाड्या घेऊन टो ट्रकवाल्याशी ओळख वाढत नाही, गॅरेजवाला नावाने हाक मारत नाही, सोमवारी कामाच्या ठिकाणी सांगायला काही घडलेलं नसतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो म्हणतात. या गाड्या तेवढाही थरार देत नाहीत.

आणि एक विक्रेता असा भेटेल की त्याच्यापासून लांबच राहा. तो गाडी थंड ठेवेल आणि तुमच्यासमोर सुरू करेल. पावत्यांची जाड फाइल पुढे ठेवेल. ‘या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जरा कमी आहे, हे बेअरिंग मागच्या वर्षी बदललं, पुढच्या वर्षी बेल्टचा खर्च येईल,’ असं न विचारता सांगेल. ‘तुमचा मेकॅनिक घेऊन या, मी थांबतो,’ असंही म्हणेल. किंमत बाजारापेक्षा थोडी चढीच सांगेल आणि तिथून हलणार नाही. अशा वेळी तोंडाने ‘विचार करून कळवतो’ म्हणा आणि निघा. ती गाडी उद्या कुणीतरी अरसिक माणूस घेईल आणि दहा वर्षं नुसता चालवत बसेल.