लेव्हो म्हणजे उलटं नव्हे, गोळी बंद करू नका

आत्याने थायरॉईडची गोळी अकरा दिवसांपूर्वी बंद केली. मला हे काल कळलं, तेही दुसऱ्याच विषयावर बोलताना. कारण विचारलं तर तिने फोन पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज होता. सार असं: "गोळीवर लेव्होथायरॉक्सिन लिहिलेलं असतं. लेव्हो म्हणजे डावं, म्हणजेच उलटं. कारखान्यातली रसायनं ही निसर्गातल्या रसायनांची आरशातली उलटी रूपं असतात आणि उलटं रूप विषारी असतं. थॅलिडोमाईड आठवा." पुढे आणखी तीन मुद्दे: सूत्र एक तर पदार्थ एक, जे नाव उच्चारता येत नाही ते पोटात घालू नका, सेंद्रिय म्हणजे रसायनविरहित.

"अगं, पण अकरा दिवसांत मला काहीच झालं नाही," आत्या म्हणाली. मला सर्वांत जास्त भीती याच वाक्याची वाटते. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, रक्तातून फार सावकाश कमी होतं, निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडलेल्या माणसाला सुरुवातीला ठणठणीत वाटतं आणि मेसेज खरा वाटू लागतो. थकवा, सूज, मंदावलेली नाडी हे सगळं नंतर येतं. तोवर गोळीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

आता 'लेव्हो'कडे येऊ. काही रेणूंची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. आपली थायरॉईड ग्रंथी स्वतः जे थायरॉक्सिन बनवते तेच डावं, म्हणजे एल रूपाचं असतं. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात तीही डावी. ग्लायसीन तेवढं अपवाद, कारण त्याला डावं-उजवं नसतंच. औषध कारखान्यात बनतं हे खरं, पण सुरुवात एल-टायरोसिन या डाव्या अमिनो आम्लापासून करतात आणि शेवटपर्यंत तो डावेपणा राखतात. गोळीतला रेणू आणि ग्रंथीतला रेणू यांत एका अणूचाही फरक नाही. लेबलवरचं 'लेव्हो' हेच तर सांगतं की हे शरीराला लागणारं रूप आहे.

उजव्या रूपाचं काय होतं हेही माहीत आहे. डेक्स्ट्रोथायरॉक्सिन कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी वापरून पाहिलं गेलं होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाची मोठी चाचणी चालू होती. त्यात हे औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले, म्हणून तो गट मध्येच थांबवावा लागला. १९७२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे मेसेज ज्याला 'उलटं' म्हणून घाबरवतो ते जीवनावश्यक आणि ज्याला 'सुलटं' मानतो त्याने माणसं दगावली.

थॅलिडोमाईडबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीला आलेल्या आणि गरोदर बायकांनीही घेतलेल्या या औषधात दोन्ही रूपांचं मिश्रण होतं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं, पण त्यामुळे जगभरात दहा हजारांच्या वर बाळं व्यंगासह जन्मली. 'एक रूप औषध, दुसरं विष' ही गोष्ट मात्र शिकवणीतसुद्धा जशी सांगतात तशी पुरी नाही. उंदीर-घुशींवरच्या प्रयोगात एकच रूप घातक दिसलं, पण त्याआधी १९६७ मध्ये सशांवर दोन्ही रूपं घातक ठरली होती. कळीचा प्रयोग १९९५ चा, स्वीडनमधला. संशोधकांनी निरोगी माणसांना एकेक शुद्ध रूप वेगवेगळं दिलं, तर प्रत्येकाच्या रक्तात दुसरं रूपही सापडलं. थॅलिडोमाईडमध्ये डावं-उजवं ज्या कार्बनवरून ठरतं त्यावरचा हायड्रोजन सैल असतो. तो सुटतो, परत कधी या बाजूने चिकटतो, कधी त्या. फक्त 'चांगलं' रूप दिलं असतं तरी शरीरातच दुसरं तयार झालं असतं. थायरॉक्सिनसारख्या अमिनो आम्लाचं असं सहजासहजी होत नाही. एका रेणूची गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

आणखी एक कबुली: कारखान्यात बनणारं जीवनसत्त्व ई बहुतेकदा आठ रूपांचं मिश्रण असतं आणि ते नैसर्गिकपेक्षा कमी प्रभावी असतं. कमी प्रभावी, विषारी नव्हे.

लांब नावाचा मुद्दा मी आत्याबरोबर कागदावरच सोडवला. मेसेजमध्ये भीती घालायला दिलेलं नाव होतं: (२एस)-२-अमिनो-३-[४-(४-हायड्रॉक्सी-३,५-डायआयडोफिनॉक्सी)-३,५-डायआयडोफिनाइल]प्रोपॅनॉइक आम्ल. हे शेवटाकडून वाचायचं. प्रोपॅनॉइक आम्ल म्हणजे तीन कार्बनची साखळी, आम्लगटाचा कार्बन पहिला. दुसऱ्यावर अमिनो गट. तिसऱ्यावर एक वलय, त्याच्या ३ आणि ५ या जागांवर आयोडिन. त्याच वलयाच्या चौथ्या जागेवर ऑक्सिजनच्या सांध्याने दुसरं वलय, त्यावरही ३ आणि ५ ला आयोडिन. आत्याने पेन घेऊन आयोडिन मोजले. चार. "म्हणजे रिपोर्टमधला टी-फोर तो हाच?" हाच. आणि सुरुवातीचा '२एस' म्हणजे दुसऱ्या कार्बनभोवतीचे चार शेजारी कोणत्या क्रमाने बसलेत याची नोंद. यांतल्या दोघांच्या जागा बदलल्या की आरशातलं रूप मिळतं. नाव लांब आहे कारण त्यात रेणूचा सगळा नकाशा आहे. लपवायचं असतं तर छोटं नाव ठेवलं असतं.

'सूत्र एक तर पदार्थ एक' यावर वेळ घालवत नाही. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन: एका मांडणीत इथेनॉल, ७८ अंशांना उकळणारा द्रव, दुसऱ्या मांडणीत डायमिथाइल ईथर, नेहमीच्या तापमानाला वायू. यालाच समघटकता म्हणतात. आणि सूत्र एक म्हणजे पदार्थ एक असेल, तर सूत्र तेच असलेलं आरशातलं रूप विषारी कसं? आपलेच दोन मुद्दे एकमेकांशी भांडतात, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही.

राहिला 'सेंद्रिय म्हणजे रसायनविरहित' हा मुद्दा. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनी संयुगांचं शास्त्र. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, तो मूत्रातल्या युरियाहून वेगळा नव्हता.

आत्याने आज सकाळी डॉक्टरांना फोन करून खंड पडल्याचं सांगितलं आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू केली. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) काही आठवड्यांनी तपासायचा आहे. ग्रुपवर तो मेसेज ज्यांनी पाठवला, त्यांच्या घरातही थायरॉईडची गोळी घेणारं कोणी आहे का, ते मी आता एकेकाला फोन करून विचारतोय.