खुलासा : सीटी स्कॅनच्या फिल्मवर 'फेरफार' होतो का?

एकाच छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसं एका फिल्मवर काळीकुट्ट आणि दुसरीवर रेषान् रेष स्पष्ट दिसतात, म्हणजे चित्र बदललं किंवा दोनदा रेडिएशन दिलं, असा मेसेज फिरतोय. दोन्ही चूक.

सीटीत प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड आकडा असतो, म्हणजे तिथला भाग क्ष-किरण किती अडवतो याचं माप: पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड हजारापर्यंत किंवा त्याहून वर. एवढ्या छटा डोळ्याला वेगळ्या ओळखता येतच नाहीत. म्हणून आकड्यांचा एक पट्टा निवडून तेवढाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतात. याला विंडो म्हणतात. मेंदूसाठी साधारण ० ते ८०, फुप्फुसांसाठी उणे १३५० ते १५०. त्या दोन फिल्म म्हणजे एकाच स्कॅनच्या दोन विंडो; मूळ आकडे तेच राहतात. उलट, एकाच विंडोवर विसंबलं तर बारीक गाठ नजरेतून सुटू शकते.