‘गुडघ्याच्या वर लागला की फाउल’: हॉकीच्या नियमांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘हॉकीचे सात नियम, जे पंचांनाही माहीत नाहीत’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतो आहे. तो माझ्या पुतणीच्या संघाच्या ग्रुपवरही पोचला. ती पेनल्टी कॉर्नरला (बचाव करणाऱ्या संघाच्या फाउलवर गोलाजवळ मिळणारी हल्ल्याची संधी) पहिली रशर म्हणून, म्हणजे शॉट अडवायला गोलरेषेवरून सगळ्यात आधी, धावते, आणि संघातल्या निम्म्या मुलींनी तो खरा मानला आहे. म्हणून हे लिहितो आहे. सातपैकी दोन मुद्दे अर्धे खरे, तीन जुने किंवा चुकीचे आणि दोन सरळ अंगावर बेतणारे आहेत. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचं, म्हणजे एफआयएचचं नियमपुस्तक उघडलेलं नाही हे वाचताच कळतं. ते पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. खाली जे म्हणतो आहे त्यातलं बहुतेक त्यातूनच आहे, नियमांच्या क्रमांकासकट.

सगळ्यात वाईट मुद्द्यापासून सुरुवात करतो. मेसेज म्हणतो: ‘पेनल्टी कॉर्नरला चेंडू गुडघ्याच्या वर लागला की पंचाला बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट द्यावीच लागते. म्हणून रशरने सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या रेषेत घुसावं. लागला तर फ्री हिट, नाही लागला तर फ्लिक अडली.’

हा सल्ला देणाऱ्याला ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे स्टिकने ओढत आणून झटक्याने फेकलेल्या चेंडूचा, वेग माहीत नसावा. ताशी १०० किलोमीटरचा फ्लिक धरा. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि कडक असतो. या वेगाने तो सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो, म्हणजे ५ मीटर अंतर सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वेळात कापतो. डोळ्याने पाहून हात हलवायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. रेषेत घुसलेल्या रशरला चेंडू ‘चुकवायला’ वेळच उरत नाही. तो कुठे लागेल हे नशिबावर.

आता नियम. तो १३.३ मध्ये आहे आणि त्याचं पहिलंच वाक्य मेसेजमध्ये गाळलेलं आहे. स्टिकने चेंडू खेळण्याचा प्रयत्न न करता जो बचावपटू स्पष्टपणे शॉटमध्ये किंवा शॉट मारणाऱ्याच्या अंगावर धावतो, त्यालाच धोकादायक खेळासाठी शिक्षा करायची. म्हणजे मेसेजमध्ये सांगितलेली युक्ती हाच फाउल आहे. चेंडू मांडीला लागून मुलगी खाली पडली तरी पंच दुसरा पेनल्टी कॉर्नर देईल, आणि ती मुद्दाम घुसली असं त्याला वाटलं तर कार्डही काढेल.

गुडघ्याची गोष्ट या वाक्यानंतर येते आणि ती खरी आहे, हे मान्य करावं लागतं. पण तिला अटी आहेत. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला शॉट हवा. बचावपटू त्या शॉटपासून ५ मीटरच्या आत हवा. चेंडू गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, आणि बचावपटू नेहमीसारखा उभा असेल, तर शॉट धोकादायक धरून बचावाला फ्री हिट. ‘नेहमीसारखा उभा’ ही अट कोणी वाचतच नाही. रशर पुढे झेप घेऊन, एक गुडघा जमिनीला टेकवत खाली गेली असेल तर तिची मांडी बॅकबोर्डच्या, म्हणजे गोलाच्या तळाशी असलेल्या फळीच्या, उंचीला येते. तिथे चेंडू लागला म्हणून फ्लिक उंच होता असं होत नाही, आणि पंच ते बरोबर ओळखतात.

मग धावायचं कसं? शरीर चेंडूच्या रेषेबाहेर, आपल्या डाव्या हाताला ठेवायचं आणि स्टिक उजवीकडे, जमिनीलगत, रेषेत टाकायची. शेवटच्या दोन पावलांत वेग कमी करायचा, म्हणजे स्टिक स्थिर राहते आणि फ्लिक मारणाऱ्याला आपटणं टळतं. मास्क, ग्लोव्ह, गुडघ्याचे पॅड घालायचे. पूर्वी हे सगळं कॉर्नर संपला की लगेच काढावं लागायचं. आता गोलरेषेपासून २३ मीटरपर्यंतच्या भागात आहात तोवर ते घालून खेळता येतं, म्हणून घाईने मास्क फेकून चेंडूमागे पळायची गरज नाही. पंच नेमकं हेच बघतो: स्टिक कुठे आहे, पाय कुठे आहेत, आणि रशर चेंडू खेळायला येते आहे की अडथळा बनायला.

गोलरेषेवर खांबाजवळ उभ्या असलेल्या खेळाडूला हा गुडघ्याचा नियम लागतच नाही. डीचं, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळासारख्या भागाचं, टोक गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर असतं आणि फ्लिक साधारण तिथून येतो. खांबावरचा बचावपटू ५ मीटरच्या कितीतरी बाहेर असतो. गोलात जाणारा चेंडू त्याच्या पोटाला लागून थांबला तर पंच सहसा पेनल्टी स्ट्रोक (फक्त गोलकीपर समोर असताना मारायचा शॉट) देतो, कारण होऊ घातलेला गोल शरीराने अडला. ‘उंच होता, मला लागला असता’ हे तिथे चालत नाही. त्याच्या हातात अर्धा सेकंद आणि एक स्टिक असते.

दुसरा अंगावर बेतणारा मुद्दा गोलकीपरचा. मेसेज म्हणतो: ‘डीमध्ये गोलकीपरला सगळं माफ. त्याने आधी चेंडूला स्पर्श केला की नंतर आघाडीपटू पडला तरी फाउल नाही.’

नियम १०.२ गोलकीपरला बरंच काही देतो. चेंडू डीमध्ये असताना आणि स्टिक हातात असताना त्याला पाय, किकर (बुटांवरचे जाड पॅड), लेग गार्ड यांनी चेंडू मारता येतो आणि शरीराच्या कुठल्याही भागाने अडवता येतो. पण त्याच नियमात असंही आहे की अंगावरच्या संरक्षक साहित्याचा फायदा घेऊन इतरांना धोका होईल असं वागायची त्याला परवानगी नाही. पॅड त्याच्या बचावासाठी असतात. त्यांच्या जोरावर समोरच्या उघड्या घोट्यांवर घसरत जायचं नाही.

एकास एक प्रसंगात गोलकीपर घसरत बाहेर येतो, आडवा पडून पॅडची भिंत करतो. हे कायदेशीर आहे आणि देखणंही. पंच त्यात काय पाहतो? गोलकीपर घसरायला लागला तेव्हा चेंडू त्याच्या टप्प्यात होता का. पॅड जमिनीला चिकटलेले होते की पाय हवेत वर उचललेले. आघाडीपटूने चेंडू आधीच बाजूला काढला होता का, आणि त्यानंतर गोलकीपर थांबू शकला असता का. चेंडूला किकरचं टोक लागलं पण त्याच हालचालीत दोन्ही पॅड आघाडीपटूच्या नडग्यांवर आदळले, तर तो स्पर्श गोलकीपरला वाचवत नाही. चेंडू आघाडीपटूकडे होता आणि गोल होणार होता तर पेनल्टी स्ट्रोक, शिवाय बहुधा कार्ड. उलट, गोलकीपर आधीच आडवा होऊन स्थिर असेल आणि आघाडीपटूच त्याच्यावर धावत जाऊन अडखळला, तर फाउल आघाडीपटूचा. पंचाचा प्रश्न एवढाच असतो की टक्कर कोणाच्या हालचालीमुळे झाली. ‘चेंडूला आधी कोण लागलं’ हे त्या उत्तराचा एक तुकडा आहे, पूर्ण उत्तर कधीच नाही.

गोलकीपरच्या किकबद्दलही तेच. ती स्टिकची हिट नाही, म्हणून ‘हिट मुद्दाम उचलायची नाही’ हा नियम ९.९ तिला लागत नाही. ‘गोलकीपरने किक उचलली तरी चालते’ असं मेसेज म्हणतो, ते इथवर बरोबर आहे. पण ९.८ सगळ्यांना लागतो. दोन मीटरवर उभ्या आघाडीपटूच्या छातीच्या उंचीने किक मारली आणि त्याला स्वतःला वाचवण्यासाठी खरोखर बाजूला व्हावं लागलं, तर तो धोकादायक खेळ आणि विरुद्ध पेनल्टी कॉर्नर. रिबाउंडवर किक खाली आणि बाजूला, रिकाम्या जागेत मारायची असते. किकरचं टोक चेंडूच्या खाली गेलं की चेंडू उडतो. गोलकीपर मागे झुकून मारतो तेव्हा हे हमखास होतं. वजन पुढच्या पायावर आणि डोकं चेंडूच्या वर ठेवलं की चेंडू जमिनीलगत जातो.

हातांबद्दल मेसेजमध्ये ‘ग्लोव्हने चेंडू लांब फेकता येतो’ असं लिहिलं आहे. नाही येत. हाताने किंवा शरीराने चेंडू बाजूला ढकलता येतो, तोही गोल वाचवताना किंवा गोलाची शक्यता टाळण्यासाठी. जोर लावून लांब पाठवला तर फाउल. चेंडूवर झोपून राहायचं नाही, ते १०.३. आणि स्टिक हातातून सुटली असेल तर पाय-पॅडची ही सगळी सवलत गेली. म्हणून सराव घेताना स्टिक पडली की आधी ती उचलायची सवय लावा.

‘गोलकीपरचा एक पाय डीमध्ये असेल तर त्याला बाहेरचा चेंडूही पायाने मारता येतो.’ उलटं आहे. पाय कुठे आहेत हे महत्त्वाचं नाही, चेंडू कुठे आहे हे महत्त्वाचं. चेंडू डीमध्ये असेल, रेषेवर असला तरी चालेल कारण रेषा डीचाच भाग आहे, तर गोलकीपर बाहेर उभा राहूनही पाय वापरू शकतो. चेंडू डीच्या बाहेर गेला की फक्त स्टिक.

याच्याच शेजारी ‘वेगळी जर्सी आणि हेल्मेट घातलं की कोणीही गोलकीपरसारखा पाय वापरू शकतो’ असंही लिहिलं आहे. ही सोय २०१९ पासून बंद आहे. आता पूर्ण साहित्यातला गोलकीपर, नाहीतर सगळे मैदानी खेळाडू.

आता ‘बॅकबोर्डच्या वर गेलेला कॉर्नर म्हणजे फाउल’. ४६० मिलिमीटरची ही मर्यादा फक्त पहिल्या शॉटला, आणि तोही हिट असेल तरच. स्लॅपसुद्धा, म्हणजे स्टिक लांबून झाडूसारखी फिरवून मारलेला फटका, हिटच धरतात. फ्लिक, स्कूप (चेंडूखाली स्टिक घालून उचललेला), डिफ्लेक्शन (स्टिकला लागून वळलेला), दुसरा शॉट यांना ती नाही, धोका नसेल तर ते कितीही उंच चालतात. उंचीही गोलरेषा ओलांडताना मोजायची. वाटेत चेंडू वर गेला आणि आपोआप खाली आला, कोणाला धोका झाला नाही, तर गोल वैध. चेंडू डीपासून ५ मीटरपेक्षा जास्त लांब गेला की पेनल्टी कॉर्नरचे हे नियम संपतात.

‘खाली पडलेल्या गोलकीपरवरून चेंडू उचलला तर फाउल.’ नाही. ९.९ सांगतो की जमिनीवर असलेल्या खेळाडूच्या स्टिकवरून किंवा अंगावरून उचललेला चेंडू, डीमध्येसुद्धा, फक्त धोक्याच्या निकषावर ठरवायचा. अलगद चिप केलेला चेंडू धोकादायक नसतो. त्याच नियमात ५ मीटरच्या आतल्या प्रतिस्पर्ध्याकडे फ्लिक किंवा स्कूप मारणं धोकादायक धरलं आहे, आणि अक्षरशः वाचलं तर गोलकीपरही प्रतिस्पर्धीच आहे. पण पूर्ण पॅडमधला गोलकीपर चेंडू अंगावर घ्यायलाच पुढे येतो, म्हणून समोरासमोरच्या फ्लिकला पंच फाउल देत नाहीत. इथे लिहिलेला नियम आणि शिट्टी यांत अंतर आहे, हे मान्य. मेसेजने नेमका हा मुद्दा घेतला असता तर मला बोलायला जागा नव्हती.

राहिला तो मुद्दा: ‘पंच मनाला येईल तसं धोकादायक ठरवतात.’ एकाच फ्लिकवर दोन पंचांची मतं वेगळी पडू शकतात, हे खरं आहे. मोजपट्टी मात्र ठरलेली आहे. नियम ९.८ च्या भाषेत, खेळाडूला रास्त कारणाने स्वतःला वाचवायची हालचाल करावी लागली तर चेंडू धोकादायक. त्यात ‘रास्त’ हा शब्द सगळं काम करतो. दहा मीटरवरून घोट्याच्या उंचीने आलेल्या चेंडूला घाबरून उडी मारली तर ती रास्त नाही. एफआयएचच्या पंचांना दिलेल्या सूचनांमध्येही नडगीच्या पॅडच्या निम्म्यापर्यंत लागणारा, सांभाळून उचललेला चेंडू धोकादायक न धरण्याचं सांगितलेलं असतं, आणि नुसती उंची न बघता अंतर, वेग, कोन आणि खेळाडूने काय केलं हे सगळं तोलायला सांगतात. टॅकल करताना चेंडू दोन मीटरवरून सरळ नडगीत घुसवला तर तो खाली असूनही धोकादायक ठरू शकतो.

एक गोष्ट खेळाडूंनाही नीट माहीत नसते. धोकादायक खेळाची फ्री हिट चेंडू लागला तिथून नसते, धोका जिथून निर्माण झाला तिथून असते. आघाडीपटूने २३ मीटरच्या रेषेजवळून चुकीने उचललेला चेंडू डीमध्ये बचावपटूला लागला, तर बचावाची फ्री हिट त्या रेषेजवळून. गोलकीपरने चेंडू डीमध्ये ठेवून घाईने मारायला घेतला की पंच पुन्हा शिट्टी वाजवतो, आणि तेव्हा वाद घालण्यात वेळ जातो. पंचाचा एक हात छातीवर तिरका आलेला दिसला की आधी चेंडू कुठून उचलला गेला ते आठवायचं आणि फ्री हिटसाठी तिकडे धावायचं.